दुपारची अभ्यासिका

बेबीची शाल अभ्यासिकेत बसून अभ्यास करायची आणि बेबी दोन गल्ल्या पलीकडे बसून लोकांचे दात करायची. कितीतरी महिने हे असं चाललं होतं आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

बेबी म्हणजे काही कडेवरचं मूल नव्हे, तिशीला टेकलेली बाई. शेंडेफळ म्हणून घरात बेबी म्हणायला लागले आणि ते नाव केसातल्या डिंकासारखं चिकटून बसलं. सरकारी अधिकारी व्हायची परीक्षा द्यायला ती या शहरात आली, तेव्हा बस सुटायच्या वेळी तिची आई सगळ्या उतारूंदेखत म्हणाली होती, की आता येशील ती साहेबीण होऊनच ये. कंडक्टरनंसुद्धा मान वळवून बघितलं. माया करणारी माणसं असं काहीतरी बोलून ठेवतात आणि पोरीच्या परतीच्या वाटेवर काटेरी कुंपण घालतात. घालणाऱ्याला वाटतं आपण कमान उभारली.

परीक्षा तरी कसली, वर्षानुवर्षं माणूस चघळणारी. आधी एक चाळणी, मग मोठी लेखी, मग मुलाखत, आणि कुठंही पाय घसरला की पुन्हा पहिल्या पायरीवर. बेबी एकदा चाळणीतच गळली, एकदा लेखीत गेली, आणि एकदा थेट मुलाखतीच्या खोलीत पाच जणांसमोर बसून, हसून, नमस्कार करून बाहेर आली आणि निकालात तिचं नाव नव्हतं. आपण कुठं चुकलो हे तिला कुणी सांगितलं नाही. ते सांगायची पद्धतच नाही. वयाच्या अटीत आता एकच खेप उरली होती.

अभ्यासिका एका टायरच्या दुकानाच्या वर होती. लांबलचक हॉल, भिंतीला तोंड करून टेबलं, मध्ये फळ्यांची पार्टिशनं, दिवसासुद्धा ट्यूबलाइट. खालून रबराचा वास यायचा. ती चालवणारे भाऊ दाराशी टेबल टाकून बसायचे आणि पेपर वाचता वाचता डुलक्या घ्यायचे. तिथं नियम एकच होता. खुर्चीवर तुमची वस्तू आहे तोवर खुर्ची तुमची. वस्तू उचलली की जो पहिला येईल तो बसेल. म्हणून माणूस पाणी प्यायला उठला तरी खुर्चीवर काहीतरी टाकून उठायचा, स्वेटर, पिशवी, छत्री. बेबी शाल टाकायची. करड्या रंगाची, जाड, आईनं दिलेली.

बोलायचं तिथं कुणी नाही. ओळखी सगळ्या पाठमोऱ्या. वर्षभर शेजारी बसलेल्या माणसाचं नाव ठाऊक नसायचं, पण त्याचा खोकला शंभर खोकल्यांत ओळखता यायचा. बेबीच्या उजव्या हाताला एक जण बसायचा, त्याला ती मनातल्या मनात जाकीट म्हणायची, कारण उन्हाळा असो की थंडी, त्याच्या खुर्चीला निळं जाकीट अडकवलेलं असायचं. त्याचे डोळे कायम लालभडक. संध्याकाळी पाहावं तर केस ओले. बेबीला त्याचा हेवा वाटायचा. झोप आली की हा डोकं नळाखाली धरतो, म्हणून तर केस ओले, आणि इतकं वाचतो म्हणून डोळ्यांचे निखारे झालेत, असं तिनं ठरवून टाकलं होतं. असा माणूस पास होणार नाही तर कोण होणार. आपण मात्र, ती स्वतःला शिव्या घालायची, दुपारी शाल टाकून पळतो.

तिच्या स्वतःच्या बोटांच्या टोकांना गुलाबी रंग असायचा. नखांत, पेरांच्या चिरांत, साबणानं जात नसे. समोरच्या रांगेतली एक मुलगी एकदा बेसिनपाशी ते बघून म्हणाली होती, किती हायलायटर वापरता हो तुम्ही, मला एवढं वाचूनच होत नाही. बेबी नुसती हसली होती.

तो रंग हायलायटरचा नव्हता. हिरड्यांचा होता.

त्याचं असं झालं. मुलाखतीत पडल्यानंतरच्या दिवसांत बेबीची एक दाढ तुटली. माणसावर आली की चारी बाजूंनी येते. दातांच्या डॉक्टरांनी माप घेतलं आणि म्हणाले, टोपी बनायला टाकलीये, घाई असेल तर स्वतःच जाऊन घेऊन या, मागच्या गल्लीत दातांचा कारखाना आहे. ती गेली. पत्र्याचं दार, आत एक लांब बाक, बाकावर स्पिरिटचे दिवे, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले प्लॅस्टरचे जबडेच जबडे. कुणाच्या तरी आईचे, कुणाच्या आजोबांचे, सगळे आ वासून. एक म्हातारा कारागीर गुलाबी मेणात एकेक दात खोचत होता. बेबी दारातच थांबली आणि बघत राहिली. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, बघायचंय तर आत बस, नाहीतर दार लाव, बाहेरची धूळ आत येतेय.

ती आत बसली. दुसऱ्या दिवशीही गेली. चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी तिच्या हातात मेणाची सुरी दिली आणि सांगितलं, फुकट बसून राहायला हे काय थिएटर नाही.

तिथले लोक तिला साहेब म्हणायला लागले. साहेब, जरा प्लॅस्टर कालवता का. साहेबांना चहा द्या रे. बेबीला राग यायचा नाही, पण ते ऐकलं की ती मान खाली घालून प्लॅस्टर जरा जास्तच जोरात कालवायची. तिनं लावलेली पहिली कवळी तर कारखान्यात गाजली. तिनं सगळे दात एका रेषेत, एका उंचीचे, शाळेच्या रांगेसारखे उभे केले होते. पट्टी लावून बघितलं तरी चूक नाही. तीन दिवसांत ती कवळी परत आली. गिऱ्हाईक आजीबाईंनी आरशात बघून विचारलं होतं, हे कुणाचं तोंड आहे. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की तू पेपर लिहिलास, तोंड नाही केलंस. मग कारागीरकाकांनी बाजूचा एक दात नखाएवढा फिरवला, एक सुळा जरा खाली ओढला, आणि बघता बघता ते तोंड माणसाचं झालं.

बेबीला तिथं गोडी लागली ती याच गोष्टीची. चूक परत यायची. तोंड वेंगाडून, शिव्या घालत, पण परत यायची आणि बाकावर समोर येऊन बसायची. दुरुस्त केली की पितळी सांगाड्यात वरचा जबडा खालच्यावर टेकायचा आणि टक् असा बारीक आवाज व्हायचा. परीक्षेत असला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तिथं लिहायचं आणि वर्षभर कान लावून बसायचं.

सुरुवातीला ती स्वतःला सांगायची, हे नुसतं डोकं शांत करायला. मग सांगायला लागली, समजा उद्या परीक्षा हातची गेली तर हाताला काहीतरी असावं. समजा, हा शब्द तिनं कारखान्यात तर सोडाच, स्वतःच्या खोलीत एकटी असतानासुद्धा मोठ्यानं कधी उच्चारला नाही. सकाळी अभ्यासिका, दुपारी जेवणाच्या निमित्तानं शाल टाकून कारखाना, दिवेलागणीला परत खुर्ची. संध्याकाळी शालीला हात लावला की ती गार लागायची. कितीतरी तास आपण नव्हतो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, हे चांगलं की वाईट, तिला ठरवता यायचं नाही.

हे लपवायचं कशाला, असं कुणी विचारेल. त्यासाठी आईची गोष्ट माहीत पाहिजे.

आई एका कचेरीत शिपाई. साहेबाच्या दाराबाहेर स्टूल, आत घंटी वाजली की उठायचं, पाणी न्यायचं, कागद आणायचे, लोकांना सांगायचं की साहेब कामात आहेत. साहेब बदलत गेले, स्टूल तेच. बाई मानी. स्टुलावर बसायची ती सिंहासनावर बसल्यासारखी, आणि कुणी 'ए बाई' म्हणालं तर त्याला दाराच्या आत सोडायची नाही. तरुणपणी तिचा नर्सिंगच्या शाळेत नंबर लागायचा होता. तो लागेपर्यंत रिकामं काय बसायचं, म्हणून तिनं तात्पुरती ही जागा धरली. नंबर लागलासुद्धा. पण एव्हाना घराला पगाराची सवय झाली होती, लग्न ठरलं होतं, मग पोरं झाली, मग नवरा गेला. तात्पुरती म्हणून बसलेली बाई केस पांढरे झाले तरी बसलेलीच.

म्हणून मुलाखतीत पडून बेबी घरी गेली आणि भीत भीत म्हणाली, की अभ्यासाबरोबर एखादं काम शिकून ठेवू का, तेव्हा आईनं हातातली भांडी तशीच ठेवली आणि तिच्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही. आई चिडली की तिचा आवाज उतरायचा.

"तू हरायची तयारी करायला लागलीस," ती म्हणाली. "मी बसले तशी बसशील. हाताला काम लागलं की ते हात सोडत नाही, बाई. तुला दुसरं काही येताच कामा नये."

त्यानंतर तो विषय निघाला नाही. दर रविवारी आईचा फोन यायचा. अभ्यास कुठवर आला, पुस्तकं कुठली, या वेळचे साहेब काय म्हणाले. साहेब आपल्या मुलीची चौकशी करतात याचं आईला कोण अप्रूप. अख्ख्या कचेरीला माहीत होतं की दारावरच्या बाईची मुलगी एक दिवस दाराच्या आत बसणार आहे. बेबी हो हो करायची आणि फोन ठेवल्यावर नखांतला गुलाबी रंग कोरत बसायची.

आणि नेमकं अशात कारागीरकाकांची नजर गेली. मेणावर दात कुठं टेकतोय ते त्यांना दिसेना. ते मुलाकडे राहायला जायचं म्हणाले. मालकीणबाईंनी दोन दिवस सगळ्यांवर चिडचिड केली, आणि तिसऱ्या दिवशी बेबीला बोलावून सांगितलं, की काकांची जागा तुझी. पहिल्या तारखेपासून सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. बेबीनं विचारलं, परीक्षा होईपर्यंत अर्धा दिवस चालेल का. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मला अर्धी बाई नको," त्या म्हणाल्या. "महिना संपायच्या आत सांग. नाहीतर मी दुसरीला बसवते, आणि मग माझ्या दारात रडत यायचं नाही."

आता अडलं का गाडं. जागा धरावी तर शेवटची खेप पाण्यात, कारण दिवसभर बाकावर मान मोडून आल्यावर ती परीक्षा होत नसते, हे बेबीला चांगलं ठाऊक होतं. सोडावी तर वर्षभर कमावलेला हात गेला, आणि पुढं परीक्षाही गेली तर मग काय, हातात शाल. वर आईला सांगायचं ते वेगळंच. कुणाला विचारावं तर विचारायला माणूस नाही. खोलीत ती एकटी, अभ्यासिकेत सगळ्या पाठी, कारखान्यात सगळे तिला साहेब म्हणणारे. रात्री जेवताना ती ताटाशी बोलायला लागली होती, आणि ताट तरी किती ऐकणार.

तिला वाटायचं, जाकीटला विचारावं. एवढा निश्चयाचा माणूस. त्याला विचारावं की तुमच्या मनात कधी दुसरं काही येतच नाही का हो. पण इतक्या महिन्यांत तो तिच्याशी बोलला होता एकूण दोन वाक्यं. पंखा वाढवू का, आणि पंखा कमी करू का.

महिना संपत आला असताना एका दुपारी कारखान्यातली घासायची मोटर जळाली. धूर, वास, मालकीणबाईंची वायरमनवर आगपाखड. काम बंद. सगळ्यांना घरी जायला सांगितलं. बेबी पत्र्याचं दार लावून बाहेर पडली, आणि खोलीवर जाऊन करायचं काय, म्हणून अभ्यासिकेकडे वळली. या वेळेला ती तिथं कधी गेलीच नव्हती. जिना चढताना तिनं मनाशी तयारी केली, आपण एवढ्या उशिरा जेवून आलो असं कुणाला वाटायला नको, पाय न वाजवता जाऊन बसू.

हॉलमध्ये कुणी नव्हतं.

आधी तिला वाटलं आज सुट्टी आहे की काय. पण पंखे चालू, ट्यूबलाइट चालू, प्रत्येक टेबलावर पुस्तक उघडं, पुस्तकावर पेन आडवं, आणि प्रत्येक खुर्चीवर काहीतरी. एका खुर्चीवर मफलर, एकीवर छत्री, एकीवर पिशवी, एकीवर हेल्मेट. समोरच्या रांगेतल्या त्या मुलीच्या खुर्चीला ओढणी नीट घडी करून अडकवलेली. जाकीटच्या जागी जाकीट. तिच्या जागी तिची शाल. सगळे कपडे भिंतीला तोंड करून निमूट बसलेले, आणि पंख्याच्या वाऱ्यानं पुस्तकांची पानं आपली आपणच उलटत होती, जणू तेच वाचताहेत.

दाराशी भाऊ जागे झाले. तिनं विचारलं, सगळे कुठं गेले. भाऊंनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की दुपारी असंच असतं, आजचं नाही, आधीपासूनचं आहे. तू रोज सगळ्यांच्या आधी जातेस म्हणून तुला माहीत नाही. कुठं जातात, तिनं पुन्हा विचारलं.

"मी विचारत नाही," भाऊ म्हणाले. "विचारलं तर उद्यापासून येणार नाहीत."

बेबी रांगेरांगेतून चालत गेली. अशा वेळी माणसाला लाज सोडून बघावंसं वाटतं. हेल्मेटच्या खाली कुरियरच्या रिकाम्या पाकिटांची चळत होती. मफलरला मैद्याची पूड लागलेली, हा कुठल्या तरी बेकरीत जात असणार. आणि जाकीटपाशी वाकली तर नाकात शिरला तो तलावाचा वास. पोहण्याच्या तलावात टाकतात त्या पावडरचा, झोंबणारा. तिला सगळं एकदम उमगलं. ओले केस. लाल डोळे. हा माणूस दुपारी तलावावर पोरांना पोहायला शिकवत होता आणि ती त्याच्या डोळ्यांना अभ्यास समजून इतके महिने स्वतःला कोसत होती. आणि तिच्या बोटांना ती ओढणीवाली काय समजत होती, ते तर तिनंच ऐकलं होतं. एकेकाच्या अंगावर कामाचे डाग, आणि बघणाऱ्याला त्यात अभ्यास दिसायचा. प्रत्येकाला वाटायचं, चोर मी एकटाच.

तिला आधी हसू आलं. मोठ्यानं आलं, भाऊंनी पेपर खाली घेऊन बघितलं. मग ती आपल्या खुर्चीवर बसली आणि तिला इतकं मोकळं वाटलं की विचारू नका. एवढी सगळी माणसं, आणि सगळी तिच्यासारखी. आता संध्याकाळी जाकीट येईल, आणि त्याला आपण सांगू. सांगायचं, हसायचं, आणि मग तो प्रश्न विचारायचा. ती वाट बघत बसली. पुस्तकाचं एक पान वाचलं नाही.

लोक एकेक करून परत यायला लागले. जाकीट आला, केसांतून पाणी निथळत होतं. बसला, पुस्तक ओढलं. बेबी पार्टिशनच्या कडेनं पुढं झुकली आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली,

"तलावावर जाता ना तुम्ही? मीपण जाते दुपारी. मी कवळ्या करते."

तिनं बोटं पुढं करून दाखवली. जाकीटनं बोटांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू भर रस्त्यात कुणी त्याच्या अंगावरचा सदरा ओढला असावा.

"काहीतरी गैरसमज होतोय तुमचा," तो म्हणाला. "मी डोकं धुऊन आलोय. मी इथंच असतो."

आणि पुस्तकात तोंड घातलं. मानेच्या शिरा ताठ. बेबी मागे सरकली. तिला त्याचा राग आला नाही, कारण हेच कुणी तिला विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं, कदाचित याच्याहून सफाईनं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा जाकीट हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी अडकवलेलं होतं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी नवीनच टोपी ठेवली होती.

त्या दिवशी तिचं ठरलं. कुणी म्हणेल, एवढ्यानं ठरतं का. ठरतं. ती बसून विचार करत होती की मी शेवटची खेप देईन, पडेन किंवा पास होईन, पण या भिंतीकडे तोंड करून, गार शालीवर बसून, खोटं बोलत देईन. आणि तिकडं कारखान्यात कुणी आजीबाई तोंड उघडून म्हणेल, हे कुणाचं तोंड आहे, आणि मला उत्तर द्यावं लागेल. तिला ते उत्तर द्यायचं होतं. तिनं पुस्तकं पिशवीत भरली, शाल उचलली. मागं वळून पाहिलं नाही, पण जिन्यावर असतानाच खुर्ची ओढल्याचा आवाज आला. इतक्या महिन्यांची जागा, भरायला एक मिनिट लागलं नाही.

मालकीणबाईंना तिनं हो सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, मग उभी काय राहिलीस, प्लॅस्टर वाळतंय.

राहिली आई. रविवारची वाट बघण्याइतका धीर नव्हता. धीर धरला असता तर तो गळाला असता. दुपारच्या सुट्टीत तिनं पत्र्याच्या दाराबाहेर उभं राहून फोन लावला. आई कचेरीत होती. अवेळी फोन आला म्हणून आधी तिनं घाईघाईनं विचारलं, बरी आहेस ना, पडली नाहीस ना. बेबीनं सांगितलं, बरी आहे, आणि एका दमात पुढचंही सांगून टाकलं, की कामाला लागले.

"कुठल्या कचेरीत?" आईनं विचारलं.

"कचेरी नाही, आई. दातांचा कारखाना. कवळ्या करते मी."

तेवढ्यात तिकडे घंटी वाजली. आई म्हणाली, थांब, आणि फोन तसाच स्टुलावर ठेवला असावा. दार उघडल्याचा आवाज, आतून कुणीतरी पुरुष काहीतरी मागतोय, आणि आईचं ते 'हो साहेब'. घरात जिच्यासमोर कुणाची मान वर व्हायची नाही, तिचा हा आवाज बेबीनं कधी ऐकला नव्हता. बारीक, गुळगुळीत, कुणाच्याही आईचा असावा असा. ती ऐकत उभी राहिली. पाणी ओतलं गेलं, दार लागलं, आई परत आली.

परीक्षेचं काय, तिनं विचारलं. बेबी म्हणाली, देईन, पण काम सोडून नाही. म्हणजे नाहीच देणार, आई म्हणाली, आणि बेबीनं ते खोडलं नाही. हे कधीपासून, तर वर्षाच्या वर झालं. मग आई भराभर, व्यवहाराच्या आवाजात बोलायला लागली, की ठीक आहे, झालं ते झालं, दातांच्या दवाखान्यात मोठ्या जागेवर लागली म्हणून सांगते, डॉक्टरांच्या हाताखाली, तसं काही चुकीचं नाही त्यात, साहेबांनाही तेच सांगते.

बेबीला वाटलं होतं आई चिडेल, रडेल, तोंडसुख घेईल. या सगळ्याची तिनं तयारी केली होती. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. एक खोटं उतरवून ठेवलं नाही तोच आई तिच्या अंगावर दुसरं घालत होती, आणि तेही मायेनं, मापाचं बघून.

"नको, आई," ती म्हणाली. "आहे तेच सांग. कवळ्या करते म्हणून."

"तुझ्या जिभेला काय जातं सांगायला," आई म्हणाली. आवाज अगदी उतरलेला. "इथं मला बसायचंय."

खरंच होतं ते. तिथं आईलाच बसायचं होतं, त्याच दारावर, त्याच लोकांत, रोज. बेबी एवढंच म्हणाली, की मग काहीच सांगू नकोस, पण दुसरं सांगू नकोस. आईनं फोन ठेवला.

रविवार आला. बेबीनं खोली झाडली, कपडे धुतले, फोन खिडकीत ठेवला, तिथं रेंज बरी यायची. फोन आला नाही. शेजारच्या खोलीतली मंडळी कुठंतरी जाऊन आली, त्यांची पोरं जिन्यात धडाधडा पळाली, मग तेही थंडावलं. पुढच्या रविवारीही तेच. इतकी वर्षं रविवारच्या त्या फोनला ती घाबरायची, आणि आता त्याच्याविना दिवस मोडलेल्या दातासारखा जिभेला लागत राहायचा. आपण करावा का फोन, असं मनात आलं की तिला ते 'हो साहेब' ऐकू यायचं आणि हात आखडायचा. जाब विचारल्यासारखं झालं असतं.

कारखान्यात दिवस बरे जायचे. काकांच्या बाकावर काकांच्या उंचीची उशी होती, ती तिनं काढली. साहेब म्हणणं लोकांनी आपोआप बंद केलं. काय म्हणायचं ते अजून कुणाचं ठरलं नव्हतं, म्हणून सगळे नुसतं 'अहो' म्हणायचे.

मग एका कामाच्या दिवशी, भर दुपारी, फोन वाजला. आईचा. बेबीच्या एका हातात तापलेली सुरी होती, तिनं फोन खांद्यात धरला. कचेरीचा पंखा कुरकुरत होता तो ऐकू येत होता.

"आमच्याकडे हिशेबनीस आहे एक म्हातारा," आई शेवटी म्हणाली. "त्याची कवळी बोलताना वाजते. खटखट. तो म्हणत होता, तुमची मुलगी कवळ्या करते ना, तिला विचारा, असं का होतं."

बेबीला आधी कवळी ऐकू आली आणि मग बाकीचं. कुणी विचारलं, कुणाला विचारलं, का विचारलं. तिनं सुरी बाकावर ठेवली.

"उंची जास्त झालीये तिची," ती म्हणाली. "वरचे आणि खालचे दात वेळेआधी एकमेकांवर आपटतात. घासून नाही जमायचं. पुन्हा माप घ्यावं लागेल."

"हळू सांग. मला तसंच जाऊन सांगायचंय."

बेबीनं हळू सांगितलं. आईनं एकेक शब्द मागोमाग म्हटला, उंची जास्त झालीये, वेळेआधी आपटतात, घासून नाही जमायचं, अगदी ज्या आवाजात ती साहेबाचा निरोप बाहेरच्यांना सांगत असेल त्या आवाजात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. पुन्हा माप, ती म्हणाली. हो, पुन्हा माप, बेबी म्हणाली.

"बरं. सांगते."

आणि फोन बंद झाला. जेवलीस का नाही, कशी आहेस नाही, रविवारचं तर नावच नाही. बेबीनं फोन कानापासून काढला नाही. थोडा वेळ तो तसाच खांद्यात होता, आत काही नव्हतं तरी. सुरीवरचं मेण गोठलं होतं. मालकीणबाईंनी लांबूनच विचारलं, कोण होतं, आणि तिनं सांगितलं, घरून होतं. सुरी पुन्हा दिव्यावर धरली, मेण पातळ झालं तसा पुढचा दात उचलला, बाजूचा, आणि लावताना नखाएवढा फिरवला.